घरच्या गाडीतून मोटरस्पोर्ट: टीएसडी रॅलीने सुरुवात कशी करावी

मोटरस्पोर्टमध्ये उतरायची इच्छा असलेला माणूस पहिला प्रश्न हमखास गाडीबद्दल विचारतो. सेकंड हँड कोणती घेऊ? एक्झॉस्ट बदलू का? रीमॅप कुठे करून मिळेल? माझं उत्तर ठरलेलं आहे: दारात उभी असलेली स्विफ्ट किंवा वडिलांची बोलेरो पुरेशी आहे, आणि पहिलं वर्षभर तिच्या इंजिनाला हात लावू नका. त्या वर्षात जे शिकायचं असतं ते गाडीत पैसे ओतून येत नाही. वेळ पाळणं, रोडबुक (रॅलीच्या मार्गाची वही) वाचणं, ब्रेक कुठे दाबायचा हे कळणं, आणि स्पर्धेचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय, एवढ्यावरच ते वर्ष निघून जातं.

म्हणून हा लेख मुख्यतः टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स रॅलीबद्दल आहे. यात शर्यत वेगाची नसते, दिलेल्या सरासरी वेगाने नेमक्या वेळेला पोहोचायचं असतं. भारतात हौशी माणसाला रीतसर स्पर्धेत शिरायचा सगळ्यात स्वस्त दरवाजा हाच. कार्टिंग, ऑटोक्रॉस आणि सर्किटबद्दल शेवटी येतोच.

आधी कायदा आणि विमा

सार्वजनिक रस्त्यावर मित्रांनी लावलेली शर्यत हे मोटरस्पोर्ट नाही, तो गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी लावली, तर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पहाटेच्या एक्सप्रेसवेवरचे व्हिडिओ टाकणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवं.

दुसरी गोष्ट विम्याची, आणि ती फार कमी जण वाचतात. तुमच्या गाडीच्या पॉलिसीत ‘वापरावरील मर्यादा’ असा एक भाग असतो. आयोजित शर्यती, वेगाची चाचणी आणि ‘रिलायबिलिटी ट्रायल’ (गाडीच्या भरवशाची परीक्षा) हे वापर त्यात सरळ वगळलेले असतात. टीएसडीमध्ये वेगाची शर्यत नसली तरी विमा कंपनी ती यात धरेल की नाही, हे तुमच्या अंदाजावर सोडू नका. आयोजकांनी स्पर्धेसाठी कोणता विमा काढलाय आणि तो कोणाला लागू आहे हे त्यांना विचारा. आपल्या विमा कंपनीला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. ऑटोक्रॉस किंवा ट्रॅकवर गाडी नेणार असाल, तर गाडीचं नुकसान स्वतःच्या खिशातून भरायचं आहे असंच धरून चला.

खरी स्पर्धा कशी ओळखायची

देशात मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, पाहते. जागतिक पातळीवर ती चारचाकीसाठी एफआयएशी आणि दुचाकीसाठी एफआयएमशी जोडलेली आहे. नियमानुसार होणाऱ्या स्पर्धेला तिचं परमिट असतं, आणि आयोजक ‘सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स’ नावाची नियमावली आधी जाहीर करतात. सगळे तिला ‘सप रेग्ज’ म्हणतात. त्यात परमिट क्रमांक, पदाधिकाऱ्यांची नावं, गट, पेनल्टीचं कोष्टक आणि तक्रार करायची मुदत असं सगळं असतं.

नियमावली मिळत नसेल, फक्त इन्स्टाग्रामवर पोस्टर आणि पैसे पाठवायचा क्यूआर कोड असेल, तर तिकडे जाऊ नका. वेगाच्या स्पर्धेत मैदानावर ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर दिसत नसतील, तर स्पर्धेत न उतरताच परत फिरा. फी बुडाली तरी चालेल.

लायसन्सचा अर्ज एफएमएससीआयच्या वेबसाइटवर ऑनलाइन करता येतो. टीएसडी, रॅली, सर्किट, दुचाकी अशा प्रकारांप्रमाणे लायसन्स वेगळं असतं. नॅव्हिगेटरलाही (शेजारी बसून मार्ग सांगणाऱ्याला) स्वतःचं लागतं का, हे सप रेग्जमध्ये पाहा. अठराच्या खालच्या स्पर्धकाला पालकांची लेखी संमती लागते. अर्ज शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. फोटो, वयाचा पुरावा किंवा वैद्यकीय कागद, यातला एखादा नेमका तेव्हाच सापडत नाही.

एकदा मार्शल म्हणून जा

पैसे भरण्याआधी जवळच्या एखाद्या रॅलीत मार्शल, म्हणजे मार्गावरचा स्वयंसेवक, म्हणून नाव द्या. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक आणि कोल्हापूर ही या खेळाची जुनी गावं. नाशिकला राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. पुण्याला दुचाकीच्या डर्ट ट्रॅक आणि सुपरक्रॉसचं, म्हणजे मातीवरच्या शर्यतींचं, वेड जुनं आहे. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी तिथेच झाली. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने खास महिलांसाठी भरवलेल्या टीएसडी रॅलीतून किती तरी जणींनी पहिल्यांदा रोडबुक हातात धरलं.

क्लबला मार्शल कायमच कमी पडतात, त्यामुळे नवख्याला सहसा नाही म्हणत नाहीत. कंट्रोलवर, म्हणजे गाड्यांची वेळ नोंदवायच्या जागी, दिवसभर बसलात की कोण लवकर येतं, कोण घाबरून कंट्रोलच्या आधी थांबतं, कोणाचं टाइमकार्ड घामाने भिजून फाटतं, हे सगळं फुकटात दिसतं. हे काम किती जोखमीचं आहे तेही कळतं. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बारमेरजवळ राष्ट्रीय रॅलीच्या बंद केलेल्या स्टेजवर, म्हणजे वेगाच्या टप्प्यावर, एक दुचाकी आली, आणि धडकेत एकाच कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला. रस्ता बंद ठेवणारा माणूस हा या खेळात ड्रायव्हरइतकाच महत्त्वाचा आहे.

टीएसडीत नेमकं काय करायचं असतं

आयोजक तुम्हाला मार्ग देतात आणि प्रत्येक टप्प्यासाठी सरासरी वेग देतात. तो कायदेशीर मर्यादेतलाच असतो, साधारण ताशी तीस ते पन्नास किलोमीटर. मार्गावर ठिकठिकाणी गुप्त कंट्रोल असतात. दिलेल्या सरासरीने निघालात तर त्या जागी तुम्ही अमुक तास, अमुक मिनिट, अमुक सेकंदाला पोहोचायला हवं. उशिरा आलात तर पेनल्टी, लवकर आलात तरी पेनल्टी. बऱ्याच रॅलींमध्ये लवकर येण्याची पेनल्टी उशिराच्या दुप्पट असते. सगळ्यात कमी पेनल्टीवाला जिंकतो.

गाडीत दोघे असतात: उजवीकडे ड्रायव्हर, डावीकडे नॅव्हिगेटर. माझं स्पष्ट मत आहे की नवख्याने पहिली रॅली डावीकडे बसून करावी. टीएसडी तिथून जिंकली जाते. आणि पुढे कधी वेगाच्या रॅलीत गेलात, तर नॅव्हिगेटरचं ऐकणारा ड्रायव्हर होण्याआधी ती खुर्ची भोगलेली बरी.

रोडबुक

सुरुवातीआधी हातात एक वही पडते. प्रत्येक ओळीत एकूण अंतर, मागच्या खुणेपासूनचं अंतर, एक छोटी आकृती आणि शेरा असतो. आकृतीला ट्युलिप म्हणतात. खालचा ठिपका म्हणजे तुम्ही जिथून येताय ती बाजू, बाणाचं टोक म्हणजे जिकडे जायचं ती. चौक, फाटा, यू-टर्न, सगळं या चिन्हांत असतं. उत्तर दिशा आणि नकाशा विसरा. ट्युलिप नेहमी तुमच्या नजरेतून काढलेली असते.

रोडबुक मिळालं की हायलायटर काढा. वेग जिथे बदलतो त्या ओळी एका रंगात, चुकायला सोपे फाटे दुसऱ्या रंगात. दोन खुणांमध्ये दोनशे मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर त्या कंसात बांधून ठेवा, म्हणजे पहिली वाचतानाच दुसरी ड्रायव्हरला सांगता येते. गावातून जाताना हे फार लागतं. ‘मारुती मंदिरापाशी डावीकडे’ असं लिहिलेलं असतं, आणि त्या गावात मारुतीची तीन मंदिरं असतात. अंतरावर विश्वास ठेवायचा, खूण फक्त खात्रीसाठी.

ओडोमीटर जुळवणं

इथे नवख्यांची निम्मी रॅली जाते. आयोजकांच्या गाडीचा ओडोमीटर आणि तुमचा कधीच तंतोतंत जुळत नाही. टायरचा साइज, झीज, हवा, सगळ्याचा फरक पडतो. म्हणून सुरुवातीला एक ओडो चेकचा टप्पा दिलेला असतो.

समजा रोडबुक म्हणतं ८.४० किलोमीटरवर पेट्रोल पंप, आणि तिथे तुमच्या गाडीत ८.५८ दिसले. ८.५८ भागिले ८.४० म्हणजे १.०२१४. हा तुमचा फॅक्टर. आता रोडबुकमधल्या प्रत्येक महत्त्वाच्या अंतराला याने गुणा आणि तो आकडा शेजारी पेन्सिलीने लिहा. १२.६० चे झाले १२.८७. हे केलं नाही तर वीस किलोमीटरवर चारशेहून जास्त मीटरची चूक साचते, आणि मग फाटा आला की नाही यावर गाडीत वाद सुरू होतो. गाडीचा ट्रिप मीटर फक्त शंभर मीटरच्या टप्प्याने दाखवत असेल, तर मधलं अंदाजाने घ्यावं लागतं. जीपीएसवर चालणारं ट्रिप मीटर ॲप चालेल का हे सप रेग्जमध्ये पाहा. काही गटांत चालतं, काहींत नाही.

फॅक्टर काढल्यावर टायरची हवा बदलू नका.

आकडेमोड, तीही सोपी

सगळी टीएसडी एका भागाकारावर उभी आहे: ३६०० भागिले सरासरी वेग, म्हणजे एका किलोमीटरला लागणारे सेकंद. ताशी ३६ असेल तर १०० सेकंद. ४० ला ९०, ४५ ला ८०, ४८ ला ७५, ५० ला ७२. हे पाढ्यासारखं पाठ असू द्या.

एक उदाहरण घेऊ. तुमची सुरुवात ९ वाजून १४ मिनिटं ० सेकंद. पहिला टप्पा १२.६० किलोमीटरपर्यंत ताशी ३६ ने. १२.६० गुणिले १०० म्हणजे १२६० सेकंद, म्हणजे २१ मिनिटं. वेग बदलायच्या जागी ९:३५:०० ला असायला हवं. पुढे २०.१० पर्यंत ताशी ४५. अंतर ७.५०, गुणिले ८०, म्हणजे ६०० सेकंद. तिथे ९:४५:०० ला पोहोचायचं.

पण गुप्त कंट्रोल मध्येच कुठेतरी असणार, त्यामुळे फक्त टोकाच्या वेळा काढून भागत नाही. प्रत्येक किलोमीटरची वेळ आधीच कागदावर तयार ठेवा: ९:१५:४०, ९:१७:२०, ९:१९:००, असा तक्ता. किलोमीटर पडला की घड्याळ पाहायचं आणि ड्रायव्हरला एवढंच सांगायचं: ‘चार लेट’, ‘सहा अर्ली’, ‘झिरो’. लांब वाक्यं नकोत. ताशी ३६ च्या टप्प्यात शंभर मीटरला बरोबर दहा सेकंद लागतात, त्यामुळे मधल्या मधेही पडताळता येतं.

आता नवख्याला न पटणारी गोष्ट. रेल्वे फाटकात तीन मिनिटं गेली, सरासरी ४० ची आहे. तुम्ही ५० ने पळवलीत तर किलोमीटरमागे ९० ऐवजी ७२ सेकंद, म्हणजे फक्त १८ सेकंद वाचतात. तीन मिनिटं भरून काढायला सलग दहा किलोमीटर लागतील. त्यात मध्ये कंट्रोल आला तर उरलेल्या उशिराची पेनल्टी बसणारच. जीव तोडून पळवणारे ड्रायव्हर या हिशेबापाशी गप्प होतात. उशीर हळूहळू, सरळ रस्त्यावर, गावाबाहेर भरून काढायचा. काही रॅलींत वेगमर्यादा ओलांडल्याचं जीपीएसवर दिसलं तर वेगळी पेनल्टी असते, तेही पाहून ठेवा.

सराव

स्पर्धेआधी दोन-तीन रविवार पुरतात. मित्राला एक दिवस आधी पाठवा, तो तीस-पस्तीस किलोमीटरचं छोटं रोडबुक लिहील आणि दुसऱ्या दिवशी मध्येच एखाद्या वडाखाली फोनचं घड्याळ घेऊन बसेल. पुणेकरांना पिरंगुटच्या पुढे मुळशीचा रस्ता बरा. पावसाळ्यातल्या सुट्टीला मात्र तिकडे फिरकू नका, वर्षासहलीच्या गर्दीत कुठलंच ॲव्हरेज टिकत नाही. नाशिककरांना त्र्यंबकच्या पुढे जव्हारकडचा रस्ता आहे, घाटही मिळतो. वेग कायद्यातलाच ठेवायचा आहे, त्यामुळे यात परवानगीचा प्रश्न येत नाही.

सरावात आणखी एक गोष्ट कळते: वळणावळणाच्या रस्त्यावर मान खाली घालून वाचताना तुम्हाला गाडी लागते की नाही. लागत असेल तर पोटात हलकं अन्न, रोडबुक डोळ्यांच्या पातळीला, दोन ओळी वाचून पुन्हा समोर पाहणं, आणि गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून. झोप आणणारी गोळी नॅव्हिगेटरला चालून जाईल, ड्रायव्हरला अजिबात नाही.

नवरा-बायकोच्या जोडीसाठी अनेक रॅलींत वेगळा गट असतो. मजा येते. फक्त ‘मला रस्ता माहीत आहे’ या वाक्यावर त्या दिवशी गाडीत बंदी घाला.

रॅलीचा दिवस

आदल्या दिवशी किंवा सकाळी स्क्रुटिनी, म्हणजे गाडीची आणि कागदांची तपासणी असते. आरसी, विमा, पीयूसी, ड्रायव्हिंग लायसन्स, स्पर्धेचं लायसन्स एका फाइलमध्ये. गाडीत स्टेपनी हवा भरलेली, जॅक, पाना, टो-रोप, त्रिकोण, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक. टायर गुळगुळीत असतील तर स्क्रुटिनीतच अडवतील, आणि ते योग्यच. डिकीतली सगळी अडगळ घरी ठेवा.

नॅव्हिगेटरकडे पॅड, पेन्सिली (पेन उन्हात दगा देतं), कॅल्क्युलेटर, दोन घड्याळं आणि अंधार होणार असेल तर डोक्याला लावायचा दिवा. घड्याळ रॅलीच्या अधिकृत वेळेशी सेकंदापर्यंत जुळवायचं. हे घड्याळ सुरुवातीच्या टेबलावर ठेवलेलं असतं आणि निम्मे स्पर्धक त्याच्याकडे न बघता चहाला जातात.

ब्रीफिंगला दोघांनी हजर राहा. मार्गातला शेवटच्या क्षणीचा बदल तिथे सांगतात किंवा बुलेटिन म्हणून फलकावर लावतात. गाड्या साधारण एक-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात. पुढच्या गाडीच्या मागे मागे जाण्याचा मोह टाळा. तीही चुकलेली असू शकते, आणि तिची वेळ तुमची नाही.

कंट्रोल दिसला की ब्रेक मारून रेंगाळू नका. दिसण्याच्या टप्प्यात थांबलं किंवा मुद्दाम संथ चाललं तर बहुतेक ठिकाणी पेनल्टी आहे. मार्शलने टाइमकार्डवर लिहिलेली वेळ तिथेच वाचून घ्या. चूक असेल तर नम्रपणे लगेच सांगा. तो माणूस सकाळपासून उन्हात बसलेला असतो.

रस्ता चुकलात तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या, तिथला रोडबुकचा आकडा पाहून ट्रिप पुन्हा जुळवा आणि पुढे चला. अंदाजाने आडवाट धरली की मधला एखादा कंट्रोल हुकतो, आणि हुकलेल्या कंट्रोलची पेनल्टी काही मिनिटांच्या उशिरापेक्षा खूप जड असते.

हाताला वळण लावायचं तर कार्टिंग

टीएसडीत गाडी हाताळण्याचं कौशल्य फारसं वाढत नाही. त्यासाठी कार्ट, म्हणजे जमिनीलगतची छोटी उघडी रेस गाडी. शहरातल्या भाड्याच्या ट्रॅकवर काही शे रुपयांत एक सेशन मिळतं. गंभीरपणे शिकायचं तर कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकादमी आहे, बंगळुरूला मेको कार्टोपिया. मुलांना या खेळात घालायचं असेल तर वाट इथूनच जाते. राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेत वयाप्रमाणे गट आहेत.

भाड्याच्या कार्टमध्ये उजवा पाय ॲक्सिलरेटरवर आणि डावा ब्रेकवर असतो. दोन्ही एकदम दाबू नका. ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना असतो, म्हणून तो चाकं सरळ असतानाच मारायचा. वळणात मारलात की मागचा भाग फिरतो. नजर पुढच्या वळणावर. आधी हळू आत जाऊन वेगाने बाहेर पडायला शिका, लॅप टाइम आपोआप खाली येतो. बरगड्या दुसऱ्या दिवशी दुखतात. रोज जाणार असाल तर रिब प्रोटेक्टर घ्या.

झेंडेही इथेच पाठ करा. पिवळा: पुढे धोका, ओव्हरटेक नाही. निळा: मागून जलद गाडी येतेय. लाल: स्पर्धा थांबली. पिवळ्यावर लाल पट्टे: रस्ता निसरडा. काळा आणि तुमचा नंबर: आत या.

त्यानंतर

ऑटोक्रॉसमध्ये मैदानावर आखलेल्या मातीच्या छोट्या ट्रॅकवर घड्याळाविरुद्ध गाडी चालवतात. इंजिनच्या सीसीप्रमाणे गट असतात, आणि जुनी झेन किंवा एस्टीम अजूनही नव्या महागड्या गाड्यांना घाम फोडते. इथे हेल्मेट लागतं. बाइकचं हेल्मेट चालेल का ते नियमात पाहा. चारचाकीसाठीचं स्नेल एसए किंवा एफआयए मानकाचं हेल्मेट वेगळं असतं, त्याचं अस्तर आग सहज धरत नाही. घ्यायचंच तर एकदाच ते घ्या. सेकंड हँड सूट चालेल, सेकंड हँड हेल्मेट कधीच नाही.

दुचाकीवाल्यांनी पुण्याच्या डर्ट स्पर्धांकडे वळावं, पण आधी बूट, छातीचं चिलखत, नी-गार्ड आणि नेक ब्रेस, मग बाइक. ट्रॅकवर शिकायचं तर कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या सर्किटवर होत आले आहेत.

सर्किट रेसिंगसाठी दक्षिणेत जायची तयारी हवी. कोइम्बतूरची कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरची आणि चेन्नईची मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किलोमीटरची. तळेगावजवळ नानोली स्पीडवे झाल्याने पुणेकरांचा प्रवास थोडा वाचला. स्वतःची रेस कार विकत घेऊ नका. एका कंपनीच्या एकसारख्या गाड्यांच्या स्पर्धा असतात, तिथे गाडी आयोजक देतात आणि तुम्ही फी भरून चालवता. कारीवर नवख्यांसाठी जेके टायरच्या नोव्हिस कपसारखे गट झाले आहेत. पहिल्या दिवशी फीखेरीज ‘गाडी ठोकली तर किती भरायचं’ हा आकडा लेखी विचारून घ्या. बजेट तिथेच कोसळतं.

पहिल्या टीएसडीनंतर मात्र बक्षीस समारंभाच्या जेवणाकडे धावण्याआधी निकालाचा कागद बघा. तो आधी तात्पुरता लागतो आणि हरकत घ्यायची मुदत बऱ्याचदा अर्ध्या तासाचीच असते. प्रत्येक कंट्रोलची तुमची पेनल्टी फोटो काढून घ्या आणि घरी रोडबुकशेजारी ठेवा. चूक अंतराबरोबर वाढत गेली असेल तर फॅक्टर चुकला होता. एकाच टप्प्यात मोठी असेल तर वेगबदल उशिरा पकडला. सगळीकडे तीन-चार सेकंदांची सारखीच असेल, तर तुमचं घड्याळ टेबलावरच्या घड्याळाशी जुळलेलं नव्हतं.